चाकणला दुसऱ्या फेरीची मुलाखत: पहिल्या फेरीत चुकलेल्या उत्तराचा विषय पुन्हा काढावा का?

शिरोलीकर (प्रश्न)

नमस्कार.

मी यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक असून गेली सहा वर्षे कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये गुणवत्ता विभागात काम करतो. आमच्याकडे बिडाच्या हाउसिंगचे बोअरिंग आणि फेसिंग होते. चाकणच्या एका कंपनीतील सीनियर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी गेल्या आठवड्यात माझी पहिली मुलाखत व्हिडिओवर झाली. ती क्वालिटी मॅनेजरांनी घेतली. आता येत्या मंगळवारी सकाळी साडेदहाला प्रत्यक्ष कारखान्यात बोलावले आहे आणि या वेळी प्लांट हेड व एचआर असे दोघे असणार आहेत.

पहिल्या फेरीत कंट्रोल प्लॅन (कोणते माप केव्हा, कशाने तपासायचे याचा तक्ता), पीपॅप (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया) आणि गेज आर अँड आर (मोजमापाचे साधन किती भरवशाचे आहे याची चाचणी) यांवरचे प्रश्न बरे गेले. एका ठिकाणी मात्र मी घसरलो. ग्राहकाची एखादी तक्रार कशी सोडवली ते सांगा, असे विचारल्यावर मी बेअरिंगचा बोअर (बेअरिंग बसते ते गोल भोक) मोठा आल्याची तक्रार सांगितली आणि कारण म्हणून ‘ऑपरेटरने तपासणी केली नव्हती, त्याला पुन्हा प्रशिक्षण दिले’ असे उत्तर दिले. त्यावर ते ‘आणि मग?’ एवढेच म्हणाले. मला पुढे काही सुचले नाही, तेव्हा त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतले.

दुसऱ्या फेरीत पुन्हा तांत्रिक प्रश्न येतात का, तो विषय मी स्वतःहून काढावा की झाकली मूठ ठेवावी, आणि पगाराचे बोलणे कसे करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मापारी

मी वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत अठ्ठावीस वर्षे गुणवत्ता विभागात होतो आणि त्यातली शेवटची दहा-बारा वर्षे मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो. पहिल्या फेरीत आम्ही उमेदवाराला काम येते का ते पाहतो. दुसऱ्या फेरीत प्लांट हेड हे पाहतात की ग्राहकाचा माणूस संतापून दारात उभा राहिला तर याला त्याच्यासमोर पाठवता येईल का. त्यामुळे व्याख्या क्वचित विचारल्या जातात. विचारला जातो तो एकच प्रसंग, आणि तो तळापर्यंत खणला जातो. क्वालिटी मॅनेजरांनी जे टिपून घेतले, ते प्लांट हेडपर्यंत पोहोचले आहे असे धरूनच चाला.

‘ऑपरेटरची चूक’ हे उत्तर आम्हाला का खटकते, ते नीट समजून घ्या. एट डी अहवालाच्या (तक्रार आठ पायऱ्यांत सोडवण्याच्या ठरावीक पद्धतीच्या) चौथ्या पायरीवर दोन कारणे शोधायची असतात: दोष का निर्माण झाला आणि निर्माण झाल्यावर तो आपल्याकडेच का पकडला गेला नाही. तुमचे उत्तर, खरे असले तरी, फक्त दुसऱ्या प्रश्नाचे आहे आणि तेही अर्धे. कारण ऑपरेटरने तपासले नाही म्हटले की तो का तपासू शकला नाही, हा पुढचा ‘का’ लगेच उभा राहतो. शिवाय प्रशिक्षण हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुबळा असतो, हे प्लांट हेडला तुमच्याइतकेच ठाऊक आहे.

माझ्या मते विषय स्वतःहून काढावा. पण त्याआधी मला सांगा, त्या रात्री किंवा दिवशी प्रत्यक्षात काय घडले होते? अहवालात काय लिहिले ते नको.

पिंपरीकर

मापारी साहेबांचा अनुभव मोठा आहे, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. मी गेल्या वर्षीच अशी दुसरी फेरी दिली. तेथे आपल्या आधीच्या उत्तराची दुरुस्ती सांगायला मी सुरुवातीलाच गेलो, आणि समोरच्यांना पहिल्या फेरीतले ते उत्तर आठवतही नव्हते. त्यामुळे पहिली दहा मिनिटे मी स्वतःच उकरलेल्या खड्ड्यात काढली. तक्रारींचा विषय निघाला तरच बोलावे, आरंभी नको.

प्रवासाबद्दलही सांगतो, कारण तुम्ही कोल्हापूरहून येणार आहात. पहाटे निघून साडेदहाला पोहोचू, हा हिशेब करू नका. नवले पुलापाशी अर्धा तास गेला तर तो भरून निघत नाही, आणि चाकणमध्ये तळेगाव चौकात कामाच्या दिवशी सकाळी कंपन्यांच्या बस आणि ट्रेलर एकमेकांत अडकलेले असतात. आदल्या रात्री चाकण किंवा भोसरीत मुक्काम करावा. फाटकावर ओळखपत्र, नोंद आणि सेफ्टी शूजची चौकशी यांत वीस मिनिटे सहज जातात. तुमचे स्वतःचे सेफ्टी शूज असतील तर घालूनच जा, म्हणजे शॉप फ्लोअर दाखवायला नेले तर अडचण होणार नाही.

शिरोलीकर

दोघांचेही आभार. मापारी सर, तुमचा प्रश्न वाचून मी काल त्या तारखेची तपासणी नोंदवही काढून पाहिली आणि खरे सांगायचे तर ओशाळलो.

बोअर ६२ एच ७ होता (६२ हे माप, एच ७ हा किती फरक चालतो याचा संकेत), म्हणजे वरची मर्यादा ६२.०३० मिलिमीटर. ग्राहकाकडे तो ६२.०४२ भरला आणि बेअरिंग सैल बसले. पण नोंदवहीत रात्रपाळीच्या ऑपरेटरने दर तासाचे रीडिंग लिहिलेले आहे आणि ती सर्व रीडिंग ६२.०२० च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आत आहेत. त्याने तपासणी केली होती; बोअर गेजच (बोअर मोजायचे साधन) दोन शतांश मिलिमीटर कमी दाखवत होते. इन्सर्ट (मशीनमधील कापणारे पाते) बदलताना गेज खाली पडले होते, असे तो तेव्हाही म्हणाला होता. गेज पुन्हा शून्यावर लावण्यासाठी मास्टर रिंग (अचूक मापाची नमुना रिंग) लागते, ती स्टँडर्ड रूममध्ये असते आणि रात्री त्या खोलीला कुलूप असते. किल्ली दिवसपाळीच्या इनचार्जकडे. पुढे आम्ही रिंग मशीनजवळ ठेवायला सुरुवात केली, पण ग्राहकाला अहवाल घाईने पाठवायचा होता, म्हणून ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष, प्रशिक्षण दिले’ असे लिहून मोकळे झालो. तो अहवाल मीच लिहिला होता आणि दोन वर्षांत तेच मला खरे वाटू लागले होते.

मूळ अहवालाची प्रत आणि ड्रॉइंग सोबत घेऊन गेलो तर चालेल का?

मनुष्यबळ विभागातून

मी या क्षेत्रात एचआरचे काम करते, म्हणून फक्त पगार आणि कागदपत्रांविषयी लिहिते. दुसऱ्या फेरीत एचआर बसणार असेल तर आकडा विचारला जाण्याची शक्यता बरीच असते. मात्र तो विषय तुम्ही स्वतः प्लांट हेडसमोर काढू नये.

आकडा सांगण्याआधी सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांतला फरक घरी कागदावर मांडून पाहा. समजा, ७ लाख २० हजार रुपयांची ऑफर आली, त्यात वर्षाला ६० हजार कामगिरीवर अवलंबून आहेत आणि मूळ वेतन महिना ३० हजार आहे. कंपनीचा १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी ४३,२०० रुपये होतो आणि ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के धरून सुमारे १७,३०० रुपये; अनेक कंपन्या हे दोन्ही सीटीसीतच मोजतात. उरलेले साधारण ५० हजार महिना. त्यातून तुमचा स्वतःचा निधीचा ३,६०० रुपयांचा हप्ता आणि २०० रुपये व्यवसाय कर गेला की ४६ हजारांच्या आसपास हातात येतात. कोल्हापूरचे स्वतःचे घर सोडून चाकणला भाड्याने राहणार असाल, तर तुलना या ४६ हजारांशी करा, ६० हजारांशी नको.

नोटीस पीरियड खरा तेवढाच सांगा. आणि मुलाखतीपूर्वी एकदा यूएएनच्या (भविष्यनिर्वाह निधी खात्याच्या क्रमांकाच्या) पोर्टलवर आपला सेवा इतिहास पाहून घ्या, कारण बायोडेटामधील तारखा आणि तेथील तारखा जुळल्या नाहीत तर निवड होऊनही पडताळणीत अडकलेले उमेदवार मी पाहिले आहेत. गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि पदविकेचे मूळ प्रमाणपत्र जवळ असू द्यावे.

मापारी

शिरोलीकर, अहवाल आणि ड्रॉइंग अजिबात नेऊ नका. ड्रॉइंग ग्राहकाचे असते, अहवाल तुमच्या सध्याच्या कंपनीचा असतो, आणि आज त्यांचे कागद इकडे दाखवणारा माणूस उद्या आमचे कागद तिकडे दाखवील, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो. ग्राहकाचे नावही घेऊ नये. कोरा कागद मागून हाताने बोअर काढा, मर्यादा लिहा आणि गेज काय दाखवत होते व प्रत्यक्षात काय होते हे दोन आकडे शेजारी मांडा. त्या दोन आकड्यांमध्येच सगळी गोष्ट आहे.

पिंपरीकरांचे म्हणणे मला पटले: सुरुवातीलाच नको. तक्रारीचा किंवा मोजमापाचा विषय निघेल तेव्हा सांगा, की मागच्या वेळी मी ऑपरेटरला दोष दिला होता, नंतर नोंदवही पाहिली तेव्हा गेज चुकीचे होते असे आढळले. तो चुकीचा अहवाल मी लिहिला होता, हेही एका वाक्यात सांगा आणि तेथे थांबा. क्षमायाचना लांबवू नका.

यानंतर दोन प्रश्न नक्की येतील, त्यांची उत्तरे आजच शोधून ठेवा. पहिला, तक्रार आली त्या दिवशी ग्राहकाकडचा, वाटेतला आणि तुमच्या गोदामातला माल कोणत्या गेजने तपासलात? त्याच गेजने तपासला असेल तर ती तपासणी निरर्थक होती, आणि तसे झाले असेल तर तेही सांगावे लागेल. दुसरा, बाकीच्या मशीनवरच्या बोअर गेजचे काय केले? रिंग एका मशीनजवळ ठेवली, पण कंट्रोल प्लॅनमध्ये ‘इन्सर्ट बदलल्यावर किंवा गेज पडल्यावर रिंगवर शून्य तपासणे’ ही ओळ आली का आणि एफएमईएमध्ये (काय बिघडू शकते आणि धोका किती, याच्या तक्त्यात) हा धोका नोंदला गेला का, हे प्लांट हेड विचारणारच. एफएमईए निघालेच तर २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकी व जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या) पुस्तिकेत आरपीएनच्या, म्हणजे धोक्याचे तीन गुण गुणून येणाऱ्या आकड्याच्या, गुणाकाराऐवजी ॲक्शन प्रायॉरिटी (उपायाची निकड उच्च, मध्यम की कमी) आली आहे, एवढे ध्यानात असू द्या; जुने लोक अजूनही गुणाकारच करतात, मीही करायचो.

तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे शेवटी म्हणतील. तेव्हा रात्रपाळीत माल संशयास्पद वाटला तर लाईन थांबवण्याचा अधिकार तुमच्याकडे कोणाला आहे, असे विचारा. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकामध्ये तो अधिकार द्यावाच लागतो, परंतु कागदावर कोणाचे नाव आहे आणि रात्री दोन वाजता खरोखर कोण थांबवतो, हे त्यांच्या उत्तरावरून तुम्हाला कळेल.

शिरोलीकर

सर, गोदामातला माल आम्ही दुसऱ्या मशीनवरच्या गेजने तपासला होता, आज खात्री करून घेतली. कंट्रोल प्लॅनमध्ये मात्र ती ओळ अजूनही नाही. मंगळवारच्या आधी दुरुस्तीचा प्रस्ताव आमच्या मॅनेजरांकडे देत आहे. नोकरी मिळो वा न मिळो, सध्या रात्रपाळीला तेच मशीन चालू आहे. मुलाखत झाल्यावर येथे कळवीन.