अनबाउंड सकाळी दहाला रेंगाळतो, नवा सर्व्हर मागू का?

लॅबवाला:
मिरजेकडच्या एका कॉलेजात लॅब सांभाळतो. २४० पीसी. सगळ्यांचं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणं, एका जुन्या आय३ मशीनवर: ८ जीबी रॅम, डेबियन लिनक्स, आणि त्यावर हे काम करणारा अनबाउंड हा प्रोग्राम. सकाळी दहाला पहिली बॅच बसली की बोंब सुरू, 'सर, नेट गेलं.' नेट गेलेलं नसतं, डाउनलोड सपासप होतात. फक्त नवी साइट उघडताना पान तीन-चार सेकंद पांढरं राहतं आणि मग एकदम येतं. तीच साइट शेजारच्या पोरानं उघडली तर लगेच. जूनमध्ये राउटर बदलला, बाकी कशाला हात लावलेला नाही. प्राचार्यांकडे नव्या सर्व्हरचं कोटेशन न्यायचंय. किती कोअरचा मागू?

फटाफट:
गूगलचं डीएनएस ८.८.८.८ टाक, विषय संपव.

जुनाजाणता:
कोटेशन खिशातच राहू द्या. आधी दहा वाजता 'टॉप' उघडून सीपीयू बघा. २४० पीसी म्हणजे अनबाउंडला किस झाड की पत्ती. शेजारच्याला लगेच मिळतं, म्हणजे कॅश, एकदा शोधलेल्या उत्तरांचा साठा, ठीक आहे. तुमचा सर्व्हर दमलेला नाही, कोणाची तरी वाट बघत बसलाय. फटाफटरावांच्या उपायानं बहुतेक फरक पडेलही, पण दुखणं आत तसंच राहील. अनबाउंड-कंट्रोलनं दोन गोष्टी काढा: 'स्टॅट्स_नोरिसेट'मधला रिकर्शन टाइमचा (कॅशमध्ये नसलेलं उत्तर बाहेरून आणायला लागणाऱ्या वेळाचा) ॲव्हरेज, आणि 'डम्प_इन्फ्रा', म्हणजे बाहेरच्या डीएनएस सर्व्हरांची यादी.

लॅबवाला:
सीपीयू ३ टक्के. लाजच वाटली. ॲव्हरेज २.८ सेकंद. 'डम्प_इन्फ्रा'त साध्या पत्त्यांपुढे आरटीओ (उत्तराची वाट किती बघायची तो वेळ) ८०, १५०, २१० असे आकडे आहेत. कोलनवाले लांबलचक पत्ते आहेत त्यांच्यापुढे मात्र बऱ्याच ठिकाणी १२००००. हे काय प्रकरण?

जुनाजाणता:
सापडलं! कोलनवाले म्हणजे आयपीव्ही६, इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. १२०००० मिलिसेकंद, म्हणजे त्या सर्व्हरांकडून हाक मारून मारून काहीच आलेलं नाही. जूनमधल्या राउटरनं मशीनला आयपीव्ही६ पत्ता वाटलाय, पण बाहेर जायला रस्ता दिलेला नाही. अनबाउंडला काय माहीत? पत्ता आहे म्हटल्यावर तो त्या वाटेनंही विचारतो. अनोळखी सर्व्हरसाठी पहिला थांबा ३७६ मिलिसेकंदांचा, मग दर वेळी दुप्पट. नवी साइट म्हटली की आधी डॉट कॉमचे सर्व्हर विचारायचे, मग त्या साइटचे, कधी त्यांच्या नेमसर्व्हरचं नाव शोधायला तिसरीकडेच. बेरीज करा, तुमचे तीन सेकंद निघतील.

आणि सकाळीच का, तर कोण उत्तर देत नाही याची नोंद तो मुळात १५ मिनिटंच ठेवतो. रात्री कोणी विचारत नाही, सकाळी सगळं पहिल्यापासून.

आयपीव्ही६नं बाहेर पोचतंय का, याची 'पिंग -६' मारून खात्री करा. रस्ता नसेल तर कॉन्फिगमध्ये 'डू-आयपी६: नो'. यानं पोरांना एएएए रेकॉर्ड (साइटचे आयपीव्ही६ पत्ते) मिळणं थांबत नाही, फक्त अनबाउंड स्वतः त्या वाटेनं जाणं सोडतो. राउटर नीट झाला की ओळ काढायची, विसरू नका.

हात लागलाच आहे तर कॅशही वाढवा. मेसेज कॅश (पूर्ण उत्तरांचा) आणि आरआरसेट कॅश (त्यातल्या नोंदींचा) मुळात ४-४ एमबीच असतात. ६४ आणि १२८ करा, आरआरसेट नेहमी दुप्पट. 'प्रीफेच: येस' टाका. टीटीएलचा, म्हणजे उत्तर कॅशमध्ये जितका वेळ चालतं त्याचा, शेवटचा दहावा हिस्सा उरला असताना कोणी विचारलं की तो लगेच उत्तर देतो आणि मागच्या मागे नवं आणून ठेवतो.

लॅबवाला:
पिंग मेलेलंच होतं. काल रात्री बदल केले, आज दहाची बॅच झाली. ॲव्हरेज ०.११ सेकंद. एकाही पोरानं हाक मारली नाही, मीच दोनदा जाऊन विचारून आलो! शोधाशोधीत आणखी एक पाप सापडलं: कधीतरी तपासायला 'लॉग-क्वेरीज' चालू केलेलं तसंच राहिलं होतं, ११ जीबीची फाइल. तेही बंद केलं. राउटरवाल्यांना तक्रार टाकलीय.

फटाफट:
मग कोटेशनचं काय?

लॅबवाला:
यूपीएसच्या बॅटरीचं नेतोय. ती खरंच गेलीय.