जुन्या घरात माडीवर वायफाय पोचत नाही, राऊटर बदलू का?

शिवाजीपेठकर
मंडळी नमस्कार. शिवाजी पेठेत आमचं आजोबांच्या काळातलं घर आहे. पुढं सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर आणि त्यावर माडी. फायबरवाल्यानं तार रस्त्याकडून आत घेतली आणि डबा सोप्यातल्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागं बसवून गेला. प्लॅन १०० एमबीपीएसचा. सोप्यात ९० च्या वर मिळतात, माजघरात ३०, माडीवर २ नाहीतर ३. बायकोचं घरून काम चालतं ते माडीवरच. मीटिंग आली की ती लॅपटॉप घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसते. दुसऱ्या नाही, चौथ्या नाही, तिसऱ्याच. भिंती दोन फुटी, खाली काळा दगड, वर विटा-माती. दुकानदार म्हणतोय चार अँटेनांचा राऊटर घ्या, साडेतीन हजार. घेऊ का?

तांबडा_पांढरा
अँटेना मोजून राऊटर घेणं म्हणजे शिट्ट्या मोजून कुकर घेणं. थांबा जरा.

राजारामपुरी_गल्ली
आम्ही रिपीटर घेतला होता, वायफाय पकडून पुढं पाठवणारा, प्लगात खोचायचा. काड्या फुल्ल दिसायच्या, व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत बसायचा. शेवटी भाच्याला देऊन टाकला.

केबलओढ्या
दादा, पैसे खिशातच ठेवा. राऊटरनं किती जोरात ओरडायचं याला कायद्यानं मर्यादा आहे, महागातला घेतला म्हणून ती वाढत नाही. शिवाय लॅपटॉपचं बोलणं पण राऊटरला ऐकू गेलं पाहिजे. लॅपटॉपचा आवाज बारीकच, त्याला तुमच्या चार अँटेना किती पुरणार?

आधी फुकटातलं करा. डबा शोकेसमधनं बाहेर काढा. टीव्हीची पाठ, लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी ही सगळी सिग्नलची दुश्मनं. तांब्याचा बंब असेल आणि तो वाटेत येत असेल तर त्याच्यामागं सावलीच पडते म्हणा. फायबरवाल्याला सांगून डबा माजघराच्या दारावर, उंचावर घेता येतो का बघा. आतली फायबरची दोरी लांब मिळते, फक्त तिला चौकटीत काटकोनात दुमडू देऊ नका, आतनं मोडते.

दुसरं, तुमच्या डब्याची दोन नावं दिसत असतील, एकामागं ५जी लिहिलेलं. ते मोबाईलवालं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ. वेगवान आहे, पण जाड भिंतीत लवकर दम तोडतं. माडीवर सध्या २.४ लाच जोडा. पेठेत शेजाऱ्यांची वायफाय ढिगानं, तेव्हा २.४ चं चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळं असेल ते धरा. मधलं ३ नाहीतर ९ धरलं की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट ऐकत बसावं लागतं. मायक्रोवेव्ह पण २.४ च्याच आसपास चालतो. दुपारी जेवण गरम करताना मीटिंग तुटते का, एकदा लक्ष ठेवून बघा.

शिवाजीपेठकर
मायक्रोवेव्ह नाही, पण बंब अगदी वाटेत आहे! तो हलवायचं आईला सांगायची हिंमत कुणाची?

डबा बाहेर काढून शोकेसच्या वर ठेवला, चॅनल ११ केलं. माडीवर आता ८-९ येतात. पायरी सुटली, पण कॅमेरा चालू केला की आवाज तुटतो.

रंकाळ्याचा_वारा
मेश घ्या की. दोन-तीन डबे ठेवायचे, आपोआप एकमेकांशी बोलतात. आमच्या फ्लॅटमध्ये झकास चाललंय.

केबलओढ्या
ताई-दादा जे कोण असाल, फ्लॅटमध्ये चालणारच, तिथं भिंत चार-सहा इंची. इथं त्या डब्यांनाही एकमेकांशी त्याच दगडातनं बोलायचंय. रिपीटरची अडचण तीच. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच्यावरच पुढं सांगतो, म्हणजे वेग साधारण निम्मा. लावायचाच तर सिग्नल अजून चांगला आहे तिथं, निम्म्या वाटेवर. लोक नेमका मेलेल्या खोलीत लावतात.

दगडातनं हवा जात नाही, तार जाते. सोप्यातनं माडीपर्यंत एक कॅट-६, म्हणजे नेटची तार, ओढा. १०० मीटरपर्यंत काही चिंता नाही, तुमचं २०-२५ मध्ये भागेल. दगडाला ड्रिल मारू नका, झरोक्यातनं काढा, तुळईच्या कडेनं न्या. लाईटच्या पाईपातनं नेऊ नका. बाहेरनं न्यावी लागली तर घरात शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्या, आपल्याकडचा पाऊस तिच्यावरनंच आत येतो. आणि घेताना तारेचं टोक ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा.

वर लावायला जुना राऊटर आहे का घरात?

शिवाजीपेठकर
आधीच्या कंपनीचा माळ्यावर पडलाय. चालेल?

केबलओढ्या
पळेल. त्यात ॲक्सेस पॉइंटचा, म्हणजे तारेतनं आलेलं नेट नुसतं वायफायनं पसरवायचा पर्याय असेल तर तोच निवडा. नसेल तर त्याचा पत्ता बदला: खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२ द्या, आणि डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायची सोय, बंद करा. हे विसरलात तर दोन्ही डबे पत्ते वाटत सुटतील आणि घरात भांडणं लागतील. तार वेगळ्या रंगाच्या भोकात नव्हे, लॅनच्या भोकात. नाव-पासवर्ड खालचंच ठेवा, चॅनल वेगळं.

शिवाजीपेठकर
रविवारी झालं बघा. पहिल्या दुकानातली तार खरवडली तर पांढरीफटक, दुसऱ्या दुकानात खरी मिळाली. वायरमनची मजुरी धरून पंधराशेच्या आत सगळं. तार झरोक्यातनं काढली, बंब जागेवरच आहे. डीएचसीपी बंद करायला अर्थातच विसरलो आणि तासभर कुणालाच नेट नाही. आता माडीवर ८८!

फक्त काल लाईट गेली. सोप्यातला डबा इन्व्हर्टरवर आहे, माडीवरच्या पॉइंटला इन्व्हर्टर नाही. बायको परत तिसऱ्या पायरीवर.

तांबडा_पांढरा
राऊटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो. आधी राऊटरच्या ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२ ते बघा, ॲम्पियर पण बघा, मग दुकानात जा. जुना राऊटर आहे, ९ निघायची शक्यता आहे.

शिवाजीपेठकर
९ च निघाला. बरं झालं विचारलं.