शेतातल्या डिझेलवर रस्त्यावरचा कर कशासाठी?

मोहोळचा_शेतकरी: केंद्राचं उत्पादन शुल्क, वर राज्याचा व्हॅट. रानात नांगरट करणारा ट्रॅक्टर असो की पुणे हायवेवरची कार, दर एकच. ब्रिटनमध्ये शेतीला लाल रंगाचं वेगळं डिझेल मिळतं. मार्च 2022 च्या कपातीनंतर रस्त्यावरच्या डिझेलवर लिटरला 52.95 पेन्स कर, लाल डिझेलवर फक्त 10.18. अमेरिकेत शेतकामाच्या डिझेलला गॅलनमागचा 24.3 सेंट केंद्रीय कर लागत नाही. जर्मनीत शेतकऱ्याला लिटरमागे 21.48 युरो सेंट परत मिळायचे. ते बंद करायचं ठरलं, तर जानेवारी 2024 मध्ये ट्रॅक्टर थेट बर्लिनमध्ये उतरले. आपल्याकडे शेतीच्या डिझेलवर कर कमी करा ही मागणी जोर का धरत नाही?

पंढरपूर_रोड: माझा ठाम विरोध. रंगीत इंधनाचं काय होतं ते आपण बघितलंय. रेशनचं निळं रॉकेल गरिबाच्या स्टोव्हऐवजी डिझेलच्या टाकीत जायचं. जानेवारी 2011 मध्ये मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. एका मालाचे दोन दर झाले की मधे टोळ्या उभ्या राहतातच. गावोगावी टाक्या कोण तपासणार?

मोहोळचा_शेतकरी: मग रंग नको, परतावा द्या. यांत्रिक मासेमारी नौकांना राज्य डिझेलवरचा व्हॅट परत देतंच की! मासेमाराला जमतं ते शेतकऱ्याला का नाही?

मंगळवेढा_जिराईत: परतावा कुणाच्या खात्यावर येणार, ते आधी सांगा. माझी तीन एकर, ट्रॅक्टर दुसऱ्याचा. मी एकरी भाडं देतो. डिझेल चढलं की रोटाव्हेटरचं भाडं लगेच चढतं, उतरलं की जागचं हलत नाही. मे 2022 मध्ये केंद्रानं डिझेलवरचे 6 रुपये कमी केले, जुलैत राज्यानं 3. आमच्या गावात भाडं एका रुपयानं उतरलं नाही. सवलत ट्रॅक्टरवाल्याला मिळणार असेल तर मला तिचा उपयोग शून्य.

मोहोळचा_शेतकरी: म्हणूनच ट्रॅक्टरवर नको, एकरावर द्या. ई-पीक पाहणीत नोंदलेलं क्षेत्र धरा, एकरी ठरावीक लिटर धरा.

मंगळवेढा_जिराईत: आणि वाट्यानं करणारा? सातबारा मालकाचा, घाम त्याचा. पीकविम्यात त्याचे हाल होतात तेच इथं होणार.

पंढरपूर_रोड: शिवाय एकरावर पैसे वाटायचे तर त्याला डिझेलची सवलत कशाला म्हणायचं? मग पीएम किसानचे वर्षाचे 6,000 वाढवून मागा, त्याला माझा पाठिंबा. पंपावरचा दर मात्र सगळ्यांना एकच राहू द्या.