मधला बाक कापावा की ठेवावा? (१४ फुटी ॲल्युमिनियमची बोट)

गळ_आणि_गप्पा :
मिनेसोटात राहतो. गेल्या वर्षी १४ फुटी, सपाट तळाची जुनी ॲल्युमिनियम बोट घेतली. इथे हिला जॉन बोट म्हणतात. आत तीन आडवे बाक, बाकी उघडा पत्रा. ७ फुटी गळाच्या काठ्या तळातच पडलेल्या असतात, त्यातली एक मुलाच्या पायाखाली मोडली. मधला बाक ग्राइंडरने कापून पुढच्या बाकापासून सलग प्लायवूडचा डेक करणार आहे. त्याखाली काठ्या, आमिषांचे डबे, बॅटरी. मे महिन्यात वॉलाय माशाचा मोसम उघडतो, त्याआधी काम संपवायचंय. उभं राहून गळ फेकता आला नाही तर बोट घेतली कशाला? विरोध असेल तर कारण सांगा.

दर्यावरचा :
माझा पूर्ण विरोध. बाक नुसता बसायला नसतो. तो दोन्ही बाजूंना धरून ठेवतो. काढलात की लाटेवर पत्रा लवणार, रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्या) सैल होणार, पाणी झिरपणार. शिवाय बाकाच्या पोटात फोम असतो. पाणी भरलं तरी बोट बुडू नये म्हणून अमेरिकेत २० फुटांखालच्या मोटारबोटींना तो लागतोच. आमच्या रत्नागिरीकडे होडी हलकी झाली तर तळाला निरम (भार) टाकतात, वजन खाली राहावं म्हणून. तुम्ही वजन वर चढवताय, त्यावर माणूस उभा करताय, आणि बोटीत मूल आहे!

टेक्ससकर :
दर्यावरचा, निम्मं पटलं. मीही कापलाय. आतला जुना फोम पिळला तर पाणी निघत होतं. असला फोम तरंगवत नाही, उलट ओझं होतो. मी बाकाच्या जागी ॲल्युमिनियमचे अँगल आडवे रिव्हेट केले, डेकखाली पाणी न पिणारा नवा फोम भरला. चार मोसम झाले, एक थेंब आत नाही.

दर्यावरचा :
तुमची बोट किती रुंद? आणि सगळा फोम तळाशी भरलात तर पाणी भरल्यावर तळ वर येऊ पाहतो, बोट उलटते. फोम बाजूंना, उंचावर हवा.

टेक्ससकर :
१६ फुटी, तळ ४८ इंच. १४ फुटीत मीही एवढा उंच डेक केला नसता, हे मान्य. पण फोमचं तुमचं बरोबर आहे. या हिवाळ्यात थोडा बाजूंना हलवतो.

मिशिगनची_ताई :
लाकडाचं कुणीच बोललं नाही. अंगणातल्या डेकचं उरलेलं, औषध मुरवलेलं लाकूड वापरू नका. त्यात तांबं असतं. ओल लागली की ते ॲल्युमिनियम खातं. आमच्या बोटीत दोन वर्षांत टाचणीएवढी भोकं पडली, सगळी लाकडाच्या रेषेतच. साधं बाहेरच्या वापराचं प्लाय घ्या, कडांना इपॉक्सी लावा. नाहीतर सरळ ॲल्युमिनियमचा पत्रा.

आणि दादा, बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवर किती पौंड लिहिलंय? बेरीज केलीत का?

गळ_आणि_गप्पा :
आत्ता केली. पाटीवर ६५० पौंड, माणसं, मोटर, सामान सगळं धरून. मोटर ११०, बॅटरी ६०, भरलेली टाकी ४५, आम्ही दोघे ३४०, मुलगा ६०. झाले ६१५. अर्ध्या इंची प्लायचे दोन तक्तेच ८० पौंडांच्या आसपास जातात. म्हणजे डेक घातला की मुलाला किनाऱ्यावर ठेवायला हवं. ते होणार नाही.

मधला बाक राहू देतो. पुढच्या दोन बाकांमध्ये तळालगत एकच तक्ता, त्याच्यावर उभं राहीन. बॅटरी लिथियमची घेतली तर अर्धं वजन वाचतं, फक्त ती गोठणबिंदूखाली चार्ज करायची नाही, म्हणून हिवाळ्यात घरात आणेन. पण काठ्यांचं काय?

टेक्ससकर :
तळालगतच्या तक्त्यावर उभं राहून गळ फेकणं तितकं जमणार नाही, असं मला अजूनही वाटतं. काठ्यांना मात्र बाकांच्या वरून, काठालगत पीव्हीसी पाइप बांधा. टोक आत, मूठ बाहेर.

मिशिगनची_ताई :
पाइप २ इंची घ्या. दीड इंचीत स्पिनिंगच्या काठीचं दोरी ओवायचं मोठं कडं अडकतं. आणि टोकाकडची बाजू थोडी वर ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.