मदत हवी आहे: सभासद रजिस्टर पुरात गेलं, कार्यकारिणीतले निम्मे हयात नाहीत, केंद्र पुढे चालवायचं कसं? (सांगली)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

सांगलीत गावभागाच्या खालच्या अंगाला आमच्या भागाचं एक सामाजिक केंद्र आहे. खाली हॉल, वर दोन खोल्या, आणि दर पावसाळ्यात गळणारी गच्ची. सकाळी ज्येष्ठांचा योगवर्ग, दुपारी बायकांचा शिवणवर्ग, संध्याकाळपासून रात्री अकरापर्यंत स्पर्धा परीक्षावाल्या पोरांची अभ्यासिका. बारसं, डोहाळजेवण, तेरावं असं काही असलं तर हॉल नाममात्र भाड्याने देतो. रविवारी पाय ठेवायला जागा नसते. पण कागदोपत्री बघाल तर आमची संस्था जवळपास मेलेली आहे.

नोंदणी दोन्ही कायद्यांखाली आहे, 1860 चा संस्था नोंदणी आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त. परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची अधिकृत नोंद) शेवटची कार्यकारिणी चढली ती 2012 ची, सात जणांची. त्यातले अध्यक्ष 2021 मध्ये कोविडमध्ये गेले. उपाध्यक्ष आणि एक सदस्य त्याच्या आधीच. सचिव मुलाकडे पुण्याला. एक सदस्य घर विकून गेले, कुठे ते कोणी नीट सांगत नाही. उरल्या खजिनदार काकू (वय 74, अजूनही किर्द स्वतः लिहितात) आणि एक काका, ज्यांना ऐकू कमी येतं. रोजचं बघतो आम्ही चौघं: मी नोकरी सांभाळून, शिवणवर्गाच्या ताई, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर मामा आणि अभ्यासिकेतला एक मुलगा. चौघांपैकी एकाचंही नाव कुठल्याच कागदावर नाही.

बँकेत सह्या होत्या अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या. अध्यक्ष गेल्यावर बँक म्हणते, मंजूर चेंज रिपोर्ट (कार्यकारिणी बदलल्याची धर्मादाय कार्यालयातली नोंद) आणा, मग नवीन सही चढवू. त्यांचंही बरोबर असेल. पण खात्यात पैसे जमा होतात आणि बाहेर येत नाहीत, अशी गंमत झाली आहे. गच्चीसाठी बाजूला ठेवलेली ठेव तिथेच अडकली आहे आणि विजेचं बिल मामा स्वतःच्या पेन्शनमधून भरतात. वर "राहू दे गं" म्हणतात.

आता मुख्य अडचण. नवीन कार्यकारिणी निवडायची तर सर्वसाधारण सभा हवी, आणि सभा बोलवायची तर सभासद कोण ते माहीत हवं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा (धोक्याची पातळी 45) आमच्या हॉलमध्ये ते ट्यूबलाइटला टेकलं होतं. दप्तराचं लाकडी कपाट फुगून बसलं, दार करवतीने कापावं लागलं. आतलं सभासद रजिस्टर म्हणजे एक वीट झाली होती. काकूंनी ते गच्चीवर वाळवून भाकरीच्या उलथन्याने एकेक पान सोडवायचा प्रयत्न केला. शाई सगळी निळी धुरकट. वाचता आली ती पहिल्या पानावरची काही नावं, आणि ती माणसं बहुतेक आता नाहीत. 2021 च्या पुरात आम्ही आधीच सगळं वर हलवलं, पण तोवर हलवण्यासारखं दप्तर फारसं उरलंच नव्हतं.

त्यात दोन प्रस्ताव आलेत. एका स्थानिक पुढाऱ्यांनी निरोप पाठवलाय की गच्ची अख्खी करून देतो, फक्त समितीत आमची पाच माणसं घ्या. दुसरे एक क्लासवाले. त्यांना खालचा हॉल पाच वर्षांच्या कराराने हवाय, भाडं चांगलं देतील. गल्लीत दोन तट पडलेत. मला दोन्ही नको वाटतात, पण "मग पैसे तू आणणार का" याला माझ्याकडे उत्तर नाही.

विचारायचं आहे ते असं. रजिस्टरच नसेल तर सभासद ठरवायचे कसे? या दोन प्रस्तावांचं काय करावं? आणि जबाबदारी घ्यायला माणसं कुठून आणायची? मदतीला सगळे येतात. गणपतीत खुर्च्या लावायला तीस पोरं असतात. "सचिव होतोस का" म्हटलं की प्रत्येकाला अचानक घरचं काम आठवतं.

अजिंक्यतारा_पायथा

ताई, साताऱ्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयाचं असंच झालं होतं. पूर नव्हता, वाळवी होती. निस्तरायला बराच काळ गेला, पण निस्तरलं. वकील नाही मी, अनुभवावरून सांगतो.

आधी क्लासवाल्यांचं. आज कशावरही सही करू नका. विश्वस्त कायद्याच्या कलम 36 प्रमाणे संस्थेची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. पाच वर्षांचा करार तिथेच अडकतो. शिवाय जागा कोणाची? सिटी सर्व्हेचा उतारा काढा. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका 1998 ची, तुमचा कागद त्याआधीच्या नगरपालिकेचा असणार. जागा पालिकेने दिलेली असेल तर पोटभाडेकरू ठेवता येतो का, हे त्या कागदातच लिहिलेलं असेल. न बघता हॉल दिलात तर जागाच हातची जायची.

आता सभासद. तुमच्याकडचं रजिस्टर गेलं, पण नावं आणखी चार ठिकाणी सांडलेली असतात, ती वेचायची. धर्मादाय कार्यालयात नक्कल अर्ज करा. नोंदणीची फाईल, घटना, आणि 2012 चा चेंज रिपोर्ट त्याच्या जोडपत्रांसकट मागा. त्याला सभेचा ठराव आणि उपस्थितीच्या सह्या जोडलेल्या असतात. आम्हाला तिथेच अर्धी यादी मिळाली. मग जुन्या ऑडिटरकडे जा. वर्गणीच्या याद्या त्यांच्या फडताळात सापडतात. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती काकूंकडे घरी असतील तर सोनं समजा. आणि 2019 ला पुराचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत लावा, म्हणजे दप्तर कसं गेलं याला आधार राहतो.

हे सगळं जुळवून एक यादी करा, केंद्राच्या फळ्यावर लावा, हरकती मागवा, आलेल्या हरकती लिहून ठेवा. 1860 च्या कायद्याचं कलम 15 ही बघा. वर्गणी तीन महिन्यांच्या वर थकली असेल तर त्या सभासदाला मत देता येत नाही. म्हणजे यादीत नाव असणं वेगळं आणि मत असणं वेगळं. हा घोळ सभेच्या दिवशी नको, आधीच मिटवा.

चेंज रिपोर्ट विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खाली, बदल झाल्यापासून 90 दिवसांत द्यायचा असतो. तुमची मुदत केव्हाच उलटली, त्यामुळे उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत लागेल. गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले, सभेची नोटीस, ठरावाची नक्कल, नवीन लोकांची संमतीपत्रं, हे एका फाईलमध्ये लावून ठेवा.

हळद_सौदा

ताई मी शाळेत असताना तिथल्याच अभ्यासिकेत बसायचो बहुतेक, वर्णनावरून वाटतंय. माझं सरळ मत. गच्ची आधी. स्लॅब पडला तर कसला चेंज रिपोर्ट आणि कसलं कलम. पुढारी म्हणजे काय वाघ हाय का? लावू दे की बोर्ड. आपल्याकडं देवळापासून बसथांब्यापर्यंत सगळीकडं कोणाचं ना कोणाचं नाव हायच.

कृष्णाकाठची

@हळद_सौदा, बोर्डाला माझी ना नाही. पाच माणसांना आहे. सातात पाच म्हणजे केंद्र त्यांचंच झालं. उद्या निवडणुकीला अभ्यासिका बंद करून प्रचाराचं कार्यालय उघडलं तर आम्ही विचारायचं कोणाला?

अजिंक्यतारा_पायथा

त्याहून एक सोपा रस्ता असतो, तो लक्षात ठेवा. समितीत जागा नाही दिली तर सभेच्या आधी घाऊक सभासद नोंदवले जातात. शंभर फॉर्म, शंभर वर्गण्या, एकाच हस्ताक्षरात. म्हणून घटना हातात आल्याशिवाय नवीन सभासद करू नका. नवीन सभासद कोण मंजूर करतं आणि त्याला मत कधीपासून मिळतं, हे बऱ्याच घटनांत लिहिलेलं असतं.

गच्चीला मदत घ्याच, पण ती देणगी म्हणून, पावती घेऊन, संस्थेच्या नावावर. जमा व्हायला तुमचं खातं चालू आहे असं म्हणालात. देणाऱ्याला आयकरात देणगीची (80जी) सवलत हवी असेल तर तुमची नोंदणी चालू आहे का ते बघा, आणि रोख दोन हजारांच्या वर घेऊ नका, त्यावर सवलत मिळत नाही. आमच्याकडे एका सिमेंटच्या दुकानदाराने पोती दिली, गवंड्याची मजुरी पेठेने वाटून घेतली. बँकेचा प्रश्नच आला नाही.

मिरजेची_सून

कागदांतलं मला कळत नाही. माणसांबद्दल सांगते. मिरजेत आमचा ज्येष्ठांचा कट्टा आहे, तिथे "सचिव हवा" असं म्हणणं आम्ही सोडूनच दिलं. सचिव म्हटलं की माणसाला कोर्टकचेरी, हिशेब, भांडणं सगळं एकदम दिसतं. त्याऐवजी कामं फोडली. बुधवारची किल्ली कोणाकडे, पाण्याची टाकी कोण बघणार, पासबुक महिन्यातून एकदा कोण भरून आणणार. नाव आणि काम फळ्यावर. वर्षभर पासबुक भरणारी बाई आपोआप खजिनदार झाली, तिला कोणी विचारावंच लागलं नाही.

दुसरं, थोडं टोचेल असं. तुमच्या सात नावांत बाई एकच दिसतेय, आणि तिच्याकडे हिशेबाची वही. शिवणवर्गाच्या बायका रोज येतात, झाडून घेतात, त्यांना सभासद व्हा असं कधी कोणी म्हटलंय का? आणि अभ्यासिकेतून लागलेली पोरं? तलाठी, पोलिस, बँकेत गेलेली? त्यांच्याकडून पैसे मागू नका, पैसे ती देतीलच. त्यातला कोणी अकाउंटवाला असेल तर वर्षाचे हिशेब तो कुठेही बसून करू शकतो.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते लिहिते.

घटनेची आणि 2012 च्या फाईलची नक्कल मिळाली. उपस्थितीच्या सह्या आहेत आणि बऱ्याचशा ओळखू येतात, काकूंना तर सगळ्याच. एका सहीकडे बघून म्हणाल्या, "हा सभेला आलाच नव्हता, बायकोनं केलीय." (ती नोंद तशीच ठेवली, आता उकरून काय करणार.) पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती खरंच काकूंच्या माळ्यावर निघाल्या, पत्र्याच्या डब्यात, जुन्या दिवाळी अंकांच्या खाली. 2013 पासूनच्या जवळपास सगळ्या. मागची काही वर्षं वर्गणी घेऊन पावती दिलेली आहे, म्हणजे मतदान करू शकतील असे लोक निघतील. शिवणवर्गातल्या तिघी त्यात आधीपासूनच आहेत! त्यांनाच माहीत नव्हतं.

@मिरजेची_सून, टोचलं, पण खरं आहे. किल्लीचे वार लावलेत. शुक्रवार अजून रिकामा आहे.

क्लासवाल्यांना तूर्त नाही म्हणून कळवलं. पुढाऱ्यांना पत्र दिलंय की गच्चीसाठी देणगीचं स्वागत आहे, पावती मिळेल. उत्तर आलेलं नाही.

आता नवीन पेच. घटनेत लिहिलंय की सभेची नोटीस सचिवाने काढायची, पंधरा दिवस आधी, आणि "अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग" (म्हणजे पत्र टाकल्याचा पोस्टाचा दाखला घेऊन) पाठवायची. पोस्टात विचारलं तर तिथला मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. आणि कार्यकारिणीच्या बैठकीला गणपूर्ती चार. हयात आहेत चौघंच. घर विकून गेलेले सदस्य तासगावला आहेत असं मामांनी शोधून काढलं, ते यायला तयार आहेत. पुण्याचे सचिव मात्र म्हणतात, मी आता कशातच नाही, राजीनामा पाठवून देतो. घेऊन टाकू का?

अजिंक्यतारा_पायथा

घेऊ नका!! हेच एक काम घाईने करायचं नाही. आज राजीनामा घेतलात तर चारातले तीन उरतील, गणपूर्ती गेली, आणि घटनेप्रमाणे नोटीस काढणारा माणूसही गेला. मग विश्वस्त कायद्याच्या कलम 41अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागायला अर्ज करावा लागेल. तो रस्ता आहे, पण लांबचा आहे.

सचिवांना फोनवर नीट समजवा. एकदाच सांगलीला यायचंय. त्या दिवशी चौघांची बैठक घ्या, सभासद यादी मंजूर करण्याचा आणि सर्वसाधारण सभा बोलावण्याचा ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहा, चौघांच्या सह्या, आणि नोटिशीवर त्यांची सही. राजीनामा त्यांनी सर्वसाधारण सभेत द्यावा, नवीन कार्यकारिणी निवडली की लगेच. तोपर्यंत ते सचिवच आहेत, त्यांना आवडो न आवडो.

ती सर्टिफिकेटवाली सोय (यूपीसी) 2011 मध्येच बंद झाली, त्यामुळे पोस्टातला मुलगा बिचारा लहान असेल. स्पीड पोस्टाने पाठवा, पावत्या फाईलला लावा, शिवाय हातपोच देऊन वहीत सह्या घ्या. दोन्ही करा. ज्याला मोडता घालायचाय तो "मला नोटीसच मिळाली नाही" इथूनच सुरुवात करतो.

हळद_सौदा

सचिव पुण्यात कुठं असतात? मी दर शनिवारी माल घेऊन मार्केट यार्डला जातो, रविवारी परत. गाडीत जागा असती. पत्ता मेसेज करा. येताना आणतो, जाताना सोडायची सोय तुमची तुम्ही बघा.

शुक्रवारची किल्ली कुणाकडं नसंल तर माझ्याकडं द्या.