किमोचं औषध शिरेबाहेर गेलं तर काय होतं, हे आधी तपासत नाहीत का?

डिचोलीची_लेक
नमस्कार. आईची किमो चालू आहे, ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन. मागच्या वेळी देताना थोडं शिरेच्या बाहेर गेलं. आई सांगत होती हाताची आग होतेय म्हणून, पण तिथे जे देत होते ते म्हणाले थोडं होतंच आणि तसंच चालू ठेवलं. आता मनगटाच्या वर कातडी काळी पडलीय, जखम भरायचं नाव नाही, उलट पसरतेय असं वाटतं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, मला भांडायचं नाहीये. मला एवढंच समजून घ्यायचंय की इतकी वर्षं टेस्टिंग करून औषध येतं तर हे कुणीच बघत नाही का, की कॅन्सरचं औषध आहे म्हणून सगळं चालतं?

फोंड्याचा_टॉक्सवाला
ताई, वाचून वाईट वाटलं. मी औषधांच्या सेफ्टी टेस्टिंगमध्ये काम केलंय म्हणून सांगतो, बघतात, नक्की बघतात. ह्याला लोकल टॉलरन्स म्हणतात, म्हणजे टोचलेल्या जागेला औषध सोसतं का ते बघणं. शिरेतून द्यायचं औषध असेल तर जनावरांवरच्या नेहमीच्या टॉक्सिसिटी स्टडीतच (औषध किती विषारी ते बघायची चाचणी) सुई टोचलेली जागा आधी डोळ्याने आणि मग तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली तपासतात, आपल्याकडच्या २०१९च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्येही हेच आहे. वेगळी स्टडी करायची तर बऱ्याचदा सशाच्या कानाची शीर घेतात कारण ती वरवर असते, स्पष्ट दिसते, आणि दुसऱ्या कानात औषध नसलेलं नुसतं द्रावण देऊन तुलना करता येते.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर पुढे आहे. शिरेऐवजी शिरेच्या बाजूला मुद्दाम एक डोस टोचून बघायची टेस्ट असते, म्हणजे सुई सरकली तर काय होईल तेच. आयसीएच म्हणजे औषधांच्या टेस्टिंगचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या २००९च्या एम३ गाइडलाइननुसार युरोप आणि जपान ती करायला सांगतात, अमेरिकेत सहसा लागत नाही, आणि करायची तर मोठ्या ट्रायलच्या म्हणजे फेज ३च्या आधी. कॅन्सरच्या औषधांना त्याच वर्षीच्या आयसीएचच्या एस९ गाइडलाइनने बऱ्याच बाबतीत सवलत दिली, कारण आजार गंभीर, पेशंटकडे वेळ नाही. ते मला पटतं. पण सवलत म्हणजे डोळेझाक नव्हे, आणि औषध तेच ठेवून नुसतं द्रावण नवीन वापरलं तरी त्या द्रावणाचं लोकल टॉलरन्स बघावं लागतं.

आता डॉक्सोरुबिसिन. ते पेशीतल्या डीएनएला घट्ट चिकटतं, पेशी मेली की सुटतं आणि शेजारच्या पेशीत शिरतं, म्हणून जखम आठवडेच्या आठवडे वाढत राहते. हे जुनं माहीत असलेलं आहे, अमेरिकन लेबलवर तर सगळ्यात वरच्या चौकटीतल्या इशाऱ्यात लिहिलंय. म्हणजे टेस्टिंगने सांगितलेलं होतं, ते खाटेपर्यंत पोचलं नाही. ह्याचा मला जास्त राग येतो.

किमो_वॉर्डची_सिस्टर
दादांनी बरोबर सांगितलं. पेशंट आग होते म्हणाला की औषध तिथल्या तिथे थांबवायचं, हे पहिलं. सुई लगेच उपटायची नाही, आधी तिच्यातूनच जेवढं येईल तेवढं औषध ओढून घ्यायचं, मग काढायची, हात वर ठेवायचा. लाल औषधाला थंड शेक, व्हिन्क्रिस्टीन म्हणून दुसरं किमोचं औषध आहे त्याला गरम, ह्यात उलटापालट झाली तर त्रास वाढतो. डॉक्सोरुबिसिनवर डेक्सराझोक्सेन म्हणून उतारा आहे, पहिला डोस ६ तासांच्या आत, दुसऱ्या हाताच्या शिरेतून, ३ दिवस. आता आईंसाठी ती वेळ गेलीय.

पण ताई, जखम पसरतेय म्हणता ना, मग घरी मलम लावत बसू नका. प्लास्टिक सर्जनला दाखवा, बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेज) आहेत, मेलेला भाग काढायचा का ते तेच ठरवतील. आणि पुढची किमो द्यायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना हात नीट दाखवा, त्या हाताला सुई नको म्हणून स्पष्ट सांगा.

डिचोलीची_लेक
खूप आभार दोघांचे. उद्याच जाते बांबोळीला. पोर्ट बसवा, म्हणजे छातीवर कातडीखाली औषध द्यायची डबी, असं एकजण म्हणत होता, त्याने हे टळतं का?

किमो_वॉर्डची_सिस्टर
पुष्कळ कमी होतं, कारण औषध छातीतल्या मोठ्या शिरेत जातं. पूर्ण टळत नाही, पोर्टची सुई नीट बसली नाही तर तिथेही बाहेर जाऊ शकतं, म्हणून प्रत्येक वेळी रक्त परत येतं का बघूनच औषध सोडायचं. किमोच्या किती सायकल (फेऱ्या) उरल्यात ते विचारून घ्या, एक-दोनच असतील तर डॉक्टर कदाचित नको म्हणतील.

फोंड्याचा_टॉक्सवाला
आणि जाताना औषधाचं नाव, तारीख, कुठल्या हाताला दिलं, अंदाजे किती बाहेर गेलं हे कागदावर लिहून न्या, जखमेचे रोजचे फोटो पण. फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायचा रिपोर्ट भरायला सांगा डॉक्टरांना, पेशंटच्या घरच्यांनाही भरता येतो. तो भरणं म्हणजे कुणाची तक्रार करणं नव्हे.