आजोबांच्या ट्रंकेत दोन पंख सापडले, कुठले, कधीचे आणि कुणी बनवलेले?

सातारकर_नातू:
मंडळी नमस्कार. आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या एअर फोर्समध्ये इंजिन फिटर होते, गेल्या महिन्यात वाडा आवरताना त्यांची ट्रंक उघडली तर जुन्या लुंगीत गुंडाळलेले दोन पंखांचे बिल्ले निघाले. एक धातूचा, मोजला तर बरोबर २ इंच, मधे गोल निशाण्यासारखं काहीतरी आणि त्यावर खाली तोंड करून बॉम्ब, मागे बारीक ढालीचा शिक्का, एन. एस. मायर, न्यू यॉर्क आणि स्टर्लिंग असं कोरलंय, मागे दोन टोकदार खिळे आहेत पण त्यांच्या टोप्या गायब. दुसरा कापडी, काळ्या लोकरीवर पांढरट रेशमी पंख, मधे पानांची माळ, आत आरआयएएफ आणि वर मुकुट. जुन्या बाजारातला एक भंगारवाला म्हणाला चांदीचा मुलामा आहे, दोनशे देतो. काका म्हणतायत आजोबा पायलटच होते, लोकांना सांगायचे नाहीत. खरं काय मानायचं?

बिल्लेवाला_पुणे:
दोनशेला अजिबात देऊ नका! स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी, मुलाम्यावर असं कोरत नाहीत (खोट्यावर कोरतात, ते वेगळं). तुमचा धातूचा पंख अमेरिकन आर्मी एअर फोर्सेसच्या बॉम्बार्डियरचा आहे, म्हणजे विमानातून बॉम्ब सोडणाऱ्याचा. त्यांच्यात मधल्या चिन्हावरूनच माणूस ओळखायचा, साध्या पायलटला नुसती ढाल, सीनिअर पायलटला वर तारा, कमांड पायलटला माळेतला तारा, गनरला गोळी, ग्लायडरवाल्याला जी. कोटावर ३ इंची आणि शर्टवर २ इंची लावायचे, म्हणजे तुमचा शर्टवरचा. एकाच कंपनीचं काम नव्हतं ते, कॉलेजच्या अंगठ्या बनवणारे बाल्फर आणि जोस्टन, शिवाय जेम्सको, अॅमिको असे कितीतरी जण बनवायचे, म्हणून पिसांची वळणं प्रत्येकाची वेगळी दिसतात. टोप्यावाले खिळे युद्धाच्या काळात आले पण पिन असलेलेही सोबत चालूच होते, त्यामुळे नुसत्या पिनेवरून साल ठरवू नका.

जुनीवस्तू_ठाणे:
थांबा थांबा, मायर नाव वाचून लगेच नाचू नका. मायर नावाजलेला मेकर, पण त्यांनी जुन्याच साच्यांतून नंतरही माल काढलाय, त्यामुळे शिक्का अस्सल असूनही वस्तू युद्धानंतरची असू शकते. २२एम असा आकडा-अक्षराचा कोड असता तर युद्धानंतरचा म्हणून सरळ बाजूला ठेवला असता, तुमच्यावर तो नाहीये हे बरं आहे. आता भिंग घ्या. साच्यात दाबून काढलेल्यात पिसांच्या रेघा सुरीने कापल्यासारख्या धारदार असतात, ओतून केलेली नक्कल साबणासारखी गुळगुळीत, पाठीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे, कडेला शिवण. आणि कृपा करून घासू नका, खाचांतला काळेपणा हाच वयाचा पुरावा.

सातारकर_नातू:
अहो उशीर झाला, आईने देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून चकचकीत करून ठेवलाय 🙈 पण खिळ्यांच्या मुळाशी काळं राहिलंय. रेघा धारदार आहेत, खड्डे नाहीत.

जुनीवस्तू_ठाणे:
मुळाशी राहिलं ते नशीब, आता हात लावू नका, आईला सांगा देव्हाऱ्यापासून लांब ठेवा 😄 खिळ्यांच्या सोल्डरचा (डाग दिलेल्या जागेचा) फोटो जवळून, फ्लॅश न मारता टाका, नंतर डकवलेले असतील तर तिथेच कळतं.

कापडी_वर्दी:
मला दुसऱ्यात जास्त रस आहे, धातूवाल्यांना कापडाची कदरच नाही 😀 आपल्या एअर फोर्सला रॉयल हे बिरुद मार्च १९४५ मध्ये मिळालं आणि जानेवारी १९५० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर गेलं, मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे आरआयएएफ (रॉयल इंडियन एअर फोर्स) अक्षरं असलेल्या पंखाला जेमतेम पाच वर्षांची खिडकी. आता मुकुट नीट बघा. राजाचा मुकुट वरून घुमटासारखा गोल, राणीचा मधे दबलेला. राणीचा १९५३ नंतरचा, तेव्हा आपलं रॉयल जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे आरआयएएफवर दबका मुकुट दिसला तर डोळे झाकून खोटं म्हणा. (पाकिस्तानचं रॉयल १९५६ पर्यंत टिकलं, तिथे दबका मुकुट चालतो, पण अक्षरं आरपीएएफ.) उलटून मागचे टाकेही बघा, हातचं काम मागून विस्कटलेलं दिसतं, मशीनचं सरळ ओळीत.

आणि काकांचं म्हणाल तर आपल्याकडे दोन्ही बाजूंना पंख असलेला बिल्ला पायलटचा, फिटरला तो लावताच यायचा नाही. एखाद्या साहेबाचा जुना उतरवलेला ठेवून घेतला असेल. धातूच्याचं म्हणाल तर युद्धात अमेरिकन आसामात चबुआ, दिंजानच्या विमानतळांवर होते, तिथून हिमालयावरून चीनला विमानं जायची, आजोबांची पोस्टिंग त्या बाजूला होती का विचारा घरात. एअरमनची रेकॉर्डं दिल्लीत सुब्रतो पार्कच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसात असतात, सर्व्हिस नंबर असेल तर पत्र टाका.

सातारकर_नातू:
मुकुट गोल आहे! मागचे टाके पार विस्कटलेले, एका टोकाला काळ्याऐवजी निळा दोरा, बहुतेक आजीने शिवलाय. आणि आत्या आत्ताच फोनवर म्हणाली आजोबा "चाबवा" म्हणून कुठल्यातरी गावाचं नाव घ्यायचे, आम्हाला वाटायचं चावायचं काहीतरी म्हणतायत. सर्व्हिस नंबर ट्रंकेच्या झाकणावर रंगवलेला आहे, उद्याच पत्र टाकतो. काकांना अजून सांगितलेलं नाही.